बगळा छाप फटफटी

आमच्या मेहुणीच्या हाताखालून गेलं नाही असं शिलाई मशीन या भागात कुठे सापडलं, तर खुशाल समजावं की ते अजून खोक्यातून बाहेरच काढलेलं नाही. माझ्या बायकोची ही धाकटी बहीण. तिला सगळेच धाकटी म्हणतात. आता ती स्वतः आजी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण नावात बदल नाही. शिंप्यांच्या गल्लीत जिन्याखाली तिची दुरुस्तीची खोली आहे. खोली कसली, आडवं कपाटच ते. गिऱ्हाईक आत शिरलं की धाकटीला बाहेर यावं लागतं. फळीवर मशीनची मुंडकी ओळीनं बसवलेली, खिळ्यांना पट्टे लोंबताहेत, खिडकीत सुयांच्या डब्या, आणि एवढ्या लोखंडात कुठेही हात फिरवा, बोटाला काळं लागेल तर शपथ.

कारण धाकटीचा एक नियम. तेल एक थेंब, आणि लगेच फडकं. मशीनमधून तेल गळलं की कपड्यावर डाग, आणि डाग पडला की शिंप्याची अब्रू गेली. एकदा एका नव्या शिंप्यानं मशीन जड चालतं म्हणून अख्खी कुपी आत ओतली आणि नवरदेवाचा कोट शिवायला घेतला. कोटाच्या पाठीवर असा नकाशा उमटला की बघणाऱ्याला नद्या मोजता याव्यात. तो बिचारा मशीन डोक्यावर घेऊन पळत आला. धाकटीनं झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "मशीन आहे का म्हैस? डुंबायला सोडलंय ते?" तेव्हापासून त्या शिंप्याला गल्लीत म्हैसवाला म्हणतात. आता त्याचं मोठं दुकान आहे, पण पाटीवरचं नाव कुणाला विचाराल तर सांगता येणार नाही.

हे वेड तिला लागलं ते लहानपणी. माझ्या सासूबाई शिवणकामावर घर चालवायच्या. त्यांचं मशीन विलायती होतं. त्याच्या काळ्या मानेवर सोनेरी बगळा काढलेला, एका पायावर उभा, चोचीत दोरा धरून. एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागला आणि धाकटीनं तो बगळा उघडला. सगळे भाग चटईवर मांडले. पुन्हा जोडायला बसली, तर सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू हातात उरला. सासूबाई उठल्या, स्क्रूकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या हातानं उसवलंस, त्याच हातानं शिव." धाकटीनं पुन्हा सगळं उलगडलं, स्क्रूचं घर शोधलं, आणि संध्याकाळी मशीन पूर्वीपेक्षा हलकं चाललं. त्या दिवशी ती कारागीर झाली असं आमची ही अजून सांगते, आणि सांगताना दर वेळी धाकटीचं वय एका वर्षानं कमी करते.

पुढे धाकटी सासरी गेली आणि इकडे थोरल्या भावानं ते मशीन भंगारात दिलं. माहेरी आल्यावर तिनं खिडकीखालची मोकळी जागा पाहिली. भावाशी ती आजही बोलते, पण त्या खोलीत बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या इथले कापडवाले शेठ नवं मोठं दुकान थाटत होते. जुनं गोदाम रिकामं करायला काढलं होतं, त्यात पडलेलं एक शिलाई मशीन बघायला त्यांनी धाकटीला बोलावलं. मी आपला सोबत गेलो. मला काम नसतं आणि धाकटीला ऐकणारं माणूस लागतं. गाठोड्यांच्या मागे, तरटाखाली, काहीतरी सायकलसारखं दिसत होतं. धाकटीनं तरट ओढलं. सायकलपेक्षा दांडगा सांगाडा, मधे गंजलेलं एकच सिलिंडर, खाली पायडलं, आणि दोन नळ्यांच्या मधे चपटी टाकी. त्या टाकीवरची धूळ तिनं तळव्यानं पुसली, आणि तळवा तिथेच राहिला.

बगळा होता. एका पायावर उभा, चोचीत दोरा.

"दाजी," ती म्हणाली, "हा इथे काय करतोय?"

शेठ म्हणाले, "आजोबांची फटफटी, ताई. चालताना पाहिल्याचं मला तर आठवत नाही. नव्या दुकानाच्या काचेत टांगणार आहे. छताला साखळ्या, सांगाड्याला चार भोकं पाडून बोल्ट. लोक वर बघत आत येतील."

"भोकं पाडणार?"

"नाहीतर टांगायची कशी?"

"टांगायची कशाला? चालवा."

शेठ मनापासून हसले. माणूस वाईट नाही, पण जे चालत नाही ते टांगावं असा त्यांचा हिशेब. धाकटीनं तिथल्या तिथे पैज मांडली. ही फटफटी तिनं चालू करायची. शिंप्यांच्या गल्लीतून निघून चढावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आपल्या ताकदीनं पोचली, वाटेत एकदाही पायडल न मारता, तर शेठनी भोकं पाडायची नाहीत. नाही पोचली, तर सुतार येईल तेव्हा ती स्वतः शिडी धरेल. उद्घाटनाला अजून वेळ होता. शेठना गंमत वाटली, त्यांनी मान डोलावली.

फटफटी तिच्या खोलीत मावणार नव्हतीच. ती आली आमच्या पडवीत. आमची ही म्हणाली, "धाकटे, याला किती दिवस ठेवायचंय?" धाकटी म्हणाली, "पाहुणा आहे म्हण." ही म्हणाली, "पाहुणे तेल सांडत नाहीत." धाकटी म्हणाली, "हाही सांडणार नाही, मी आहे ना." हे वाक्य पुढे आम्हाला चांगलंच नडलं, पण ते मागाहून.

काय काय केलं तिनं, सांगू लागलो तर कागद पुरायचा नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये असा रुतून बसला होता, जसा लग्नात रुसलेला व्याही. रॉकेल पाजून पाजून त्याला सोडवला. गाडीला गिअर नाही, क्लच नाही. इंजिन फिरलं की चामड्याचा पट्टा मागचं चाक फिरवणार, चाक थांबलं की इंजिनही थांबणार. तो पट्टा तर कुजून गेला होता. बाजारात तसला मिळेना. धाकटीनं जाड चामड्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवून चप्पलवाल्याच्या मशीनवर स्वतः टाके घातले. "आयुष्यभर मशीनला पट्टे चढवले," म्हणाली, "हा जरा जाडा, एवढंच." ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची तार पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून पुन्हा गुंडाळून घेतली. अडलं ते टायरपाशी.

तिथे कामाला आले जावईबापू. धाकटीचे जावई शाळेत इंग्रजी शिकवतात. वर्गात मुलं त्यांना घाबरतात आणि घरी ते सासूला घाबरतात, त्यामुळे एकूण जमाखर्च बरोबर राहतो. त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि विलायतेतल्या एका म्हाताऱ्याला गाठलं. त्या म्हाताऱ्याकडे बगळ्याचा सांगाडा होता, टाकी होती, पण इंजिन नव्हतं. म्हणजे त्याच्याकडे देह होता आणि आमच्याकडे जीव. मोबाइलवर चेहरे दिसले तसा तो टोपी काढून खुर्चीतून अर्धा उठला. धाकटीही उठली. मग कोण आधी बसणार या घोळात दोघं बराच वेळ उभेच.

टायर तर त्यानं मिळवून दिलेच, वर बगळ्याची सगळी कुळकथा सांगितली. जावई भाषांतर करत होते आणि आम्ही पडवीत तोंडं उघडी ठेवून ऐकत होतो. हा कारखाना काढणारा माणूस सुयांना धार लावणाऱ्याचा मुलगा. बापाच्या फुप्फुसात लोखंडाची धूळ गेली म्हणून यानं सुया सोडल्या आणि शिलाई मशीनं करायला घेतली. कारखाना कालव्याच्या काठी होता. पाण्यात बगळे उभे असायचे, तासन्‌तास न हलता. त्याची बायको कारखान्यातलं प्रत्येक मशीन स्वतः चालवून बघायची. ती म्हणाली, आपलं मशीन या बगळ्यासारखं असावं, आवाज नाही, पाण्यावर तरंग नाही. झालं, छाप ठरली. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी बाजार व्यापला. याची मशीनं पडून राहिली. तेव्हा हा गडी सायकलीच्या सांगाड्यात इंजिन बसवायला लागला. मशीनला लागणारे बारीक भाग करणारी माणसं घरात होतीच. काही वर्षं फटफट्या जोरात खपल्या, मग महायुद्ध आलं, कामगार गेले, कारखान्यात दुसरंच काही बनू लागलं, आणि युद्ध संपल्यावर बगळा काही परत उभा राहिला नाही.

"बायकोचं काय झालं?" धाकटीनं विचारलं.

जावयांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, पहिली फटफटी तिनंच चालवून पाहिली होती.

 त्या दिवसापासून धाकटी इंजिनाशी बोलायला लागली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मग तो दिवस उजाडला. मी मागून ढकलतोय, धाकटी सीटवर बसून पायडलं मारतेय, गल्ली दोन्ही बाजूंनी भरलेली. एकदम फट्‌ झालं. मग पुन्हा फट्‌. मग फटफटफट अशी माळच लागली आणि माझ्या हातातून गाडी निसटली. मी तोंडावर पडता पडता वाचलो. धाकटी कोपऱ्यावरून वळली तेव्हा शिंपी टाळ्या वाजवत होते. म्हैसवाला तर रडत होता. इतकी वर्षं मुकं पडलेलं लोखंड बोलायला लागलं की माणसाला काय होतं ते सांगता येत नाही. अंगावर काटा येतो म्हणतात, माझ्या तर टकलावर आला.

शेठही आले होते. धाकटी चक्कर मारून आली, तशी ते गाडीभोवती फिरले. "ताई, धूर नाही, डाग नाही. एवढी जुनी गाडी आणि इतकी स्वच्छ?"

"आमच्या हातचं काम असं असतं," धाकटी म्हणाली आणि सिलिंडरवरून फडकं फिरवलं. टाकीवर पितळेचा एक हातपंप होता, वरून दाबला की इंजिनात तेल जातं. त्याचीही मूठ तिनं चकचकीत करून ठेवली होती.

"मग होऊन जाऊ द्या," शेठ म्हणाले. "चढ समोर आहे."

ती निघाली. सपाटीवर गाडी पाण्यासारखी गेली. चढ सुरू झाला, आवाज जड झाला, पण गाडी चालत होती. आणि अर्ध्या चढावर सुरीनं पाटी खरवडावी तशी किंकाळी आली, मागचं चाक अडकलं, गाडी घसरली आणि आडवी झाली. आम्ही धावलो. धाकटीचं कोपर सोललं होतं. तिनं कोपराकडे पाहिलंच नाही. सिलिंडरला हात लावायला गेली आणि चटका बसून मागे घेतला.

शेठनी तिला हात देऊन उठवलं. हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही पुष्कळ केलंत. आता टांगू या. गुरुवारी सुतार येतोय."

"बुधवारपर्यंत तर माझी आहे ना?"

शेठना नाही म्हणवलं नाही.

पडवीत इंजिन उघडलं. पिस्टन एका अंगानं ओरबाडला होता. धाकटी त्याच्याकडे बघत बसली. जेवायला उठेना. आमची ही ताट घेऊन बाहेर आली, बहिणीला पाहिलं आणि ताट तसंच आत घेऊन गेली. मला म्हणाली, "आईचं मशीन गेलं तेव्हा अशीच बसली होती. तुम्ही काहीतरी बडबडा ना. एरवी तोंड थांबत नाही तुमचं." खरं सांगतो, मला त्या क्षणी एकही किस्सा आठवला नाही.

जावई मात्र फोन घेऊन आले. विलायतेतला म्हातारा पडद्यावर आला. त्यानं पिस्टन पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग त्यानं एक प्रश्न विचारला.

"मामी," जावई सासूला म्हणाले, "ते विचारताहेत, गाडी चालताना धूर किती येत होता?"

धाकटीनं मान ताठ केली. "सांगा त्यांना, अजिबात नाही."

जावयांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"तेलाचा पंप किती वेळा दाबला, विचारताहेत."

"एकदा. निघताना."

"आणि नंतर?"

"नंतर पुसलं."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पाणी प्यायला गेला. जावई कावरेबावरे झाले, आपली सासू आता फोन भिंतीवर मारते की काय अशा धास्तीनं मागे सरकले. म्हातारा परत आला आणि जे सांगू लागला ते जावयांनी अडखळत मराठीत आणलं. या इंजिनात तेल फिरून परत येत नाही. आत जातं, काम करतं, जळून धूर होऊन जातं, उरलेलं रस्त्यावर सांडतं. म्हणून चालवणाऱ्यानं वाटेत सतत पंप दाबायचा. चढावर तर मनसोक्त. मागे धूर दिसला नाही की समजायचं, इंजिन तहानलेलं आहे.

"आणि मामी," जावई म्हणाले, "ते म्हणताहेत, वाईट वाटून घेऊ नका. बगळ्याच्या मालकानंही हेच केलं होतं. पहिल्या वर्षीच्या सगळ्या गाड्या चढावर जाम झाल्या. तोही शिलाई मशीनवाला. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर तेल उडायला नको म्हणून त्यानं पंपच एवढासा ठेवला होता. गाड्या परत आल्या, तेव्हा हा मोठ्या मुठीचा पंप बसवला. तुमच्या गाडीवर आहे तो."

धाकटी त्या मुठीकडे बघत राहिली. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. मग जी हसायला लागली ती थांबेना. आतून आमची ही धावत आली. "काय झालं, धाकटे?"

"अगं, तोही आपल्यातलाच निघाला," धाकटी म्हणाली. "तोही पुसून बसला होता."

मग काय विचारता. पिस्टनचे ओरखडे तिनं बारीक पॉलिश पेपरनं इतक्या हळुवार हातानं घासले की बाळाचे गाल पुसावेत. रिंगा सोडवल्या, धुतल्या, बसवल्या. तेलाची टाकी काठोकाठ भरली. तेल भरताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यभर उपास केलेल्या माणसाला पंगतीत वाढायला उभं करावं तसा.

बुधवारी सकाळी शेठ पांढराशुभ्र शर्ट घालून स्कूटरवर आले. मला मागे बसवून घेतलं, साक्षीदार म्हणून. धाकटीनं आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि गाडीवर चढली. शिंप्यांनी ढकललं. फट्‌ म्हणताच तिनं पंपाची मूठ दाबली, आणि मागच्या नळीतून असा निळा लोट उठला की गल्लीतली अर्धी दुकानं दिसेनाशी झाली.

"ताई, जळतंय," शेठ ओरडले.

"पितंय," धाकटी पुढूनच म्हणाली.

आम्ही त्या धुरातून मागे. मला पुढे धाकटी दिसत नव्हती, नुसता आवाज ऐकू येत होता. शेठ खोकत होते. त्यांच्या शर्टावर एक काळा ठिपका पडला, मग दुसरा, मग शेठनी बघणंच सोडलं. चढ लागला. धाकटीनं मूठ दाबली. जिथे गाडी पडली होती ती जागा आली, आणि मी स्कूटरवर बसल्या बसल्या शेठची कंबर अशी आवळली की ते म्हणाले, "काका, श्वास घेऊ द्या." ती जागा गेली. गाडी चालत होती.

खरी परीक्षा शेवटच्या वळणावर होती. तिथे चढ उभा होतो. दोन फट्‌मधलं अंतर वाढायला लागलं. फट्‌, मग वाट बघायची, मग फट्‌. एकदा पायडल मारलं असतं की गाडी वर गेली असती, आणि धुरात कुणाला दिसलंही नसतं. पण धाकटीनं काय केलं माहीत आहे? दोन्ही पाय पायडलांवरून उचलले आणि हवेत लांब पसरले, धुराच्या दोन्ही बाजूंनी आम्हाला दिसावेत म्हणून. एका हातानं हँडल न सोडता त्यावरचा ठिणगीचा दांडा थोडा मागे ओढला, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि चढावर इंजिन धापा टाकत का होईना पण ओढतं, आणि दुसऱ्या हातानं पुन्हा मूठ दाबली. पाय पसरलेली ती धाकटी आणि मागे निळा ढग. इंजिन एकदा दचकलं, खोकलं, आणि वर चढलं. चढलं हो. पाण्याची टाकी समोर उभी.

आता क्लच नाही, म्हणजे थांबली की बंद. आणि थांबायची तिची अजिबात तयारी नव्हती. ती टाकीभोवती गोल गोल फिरायला लागली. शेठनी स्कूटर उभी केली आणि आम्ही टाकीपाशी उभे राहिलो. धाकटी समोरून गेली.

"शेठ, सुताराला काय सांगणार?"

शेठनी तोंड उघडेपर्यंत ती टाकीमागे गेली. पुन्हा आली.

"ऐकू आलं नाही."

"नको म्हणून सांगतो," शेठ म्हणाले. ती गेली. परत आली.

"आत्ता सांगा. फोन खिशात आहे ना?"

शेठनी फोन काढला. सुताराला म्हणाले, गुरुवारी येऊ नका. पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण शेठ म्हणाले, "अहो, टांगायचं कसं? ती खाली उतरायलाच तयार नाही." धाकटी पुन्हा गेली. तिच्या गालावर तेलाचा फराटा होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

"शर्टाचं वाईट वाटलं हो," ती जाता जाता म्हणाली.

शेठनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. मग फटफटीच्या मागच्या लोखंडी कॅरिअरकडे पाहिलं. पुढच्या फेरीत ती जवळ आली तेव्हा ते एकदम म्हणाले, "ताई, आजोबा मला यावर बसवायचे म्हणे. मला काही आठवत नाही. एक चक्कर द्याल का?"

"देते की," धाकटी म्हणाली, "पण थांबणार नाही. धावत या."

शेठनी बूट काढून माझ्या हातात दिले आणि गाडीमागे धावत सुटले.